योजना उदंड, यंत्रणेचे काय?

आरोग्य हा आपल्याकडे घोषणांच्या सुकाळाचा आणि यंत्रणांच्या दुष्काळाचा विषय आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हाच खेड्यापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या आरोग्यसेवेचा आराखडा देशासमोर आला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. तरीही सरकारी दवाखान्यातील गरीब रुग्णाच्या हातात ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी पडतेच. निर्णय होतो, निधीही मंजूर होतो. मग घोडे अडते कुठे?

ते अडते संस्थेपाशी. योजना एका भाषणात जाहीर करता येते. ती पेलणारी संस्था उभी करण्यास वर्षे लागतात. त्या कामाला ना उद्घाटनाची फीत असते, ना टाळ्या. म्हणूनच ते मागे पडते.

ते करून दाखवता येते, याचे उदाहरण देशातच आहे. तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. हे महामंडळ खुल्या निविदांतून दर ठरवते आणि औषधे जिल्ह्यांतील गोदामांत साठवते. प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक मिळते. त्यात नोंदलेल्या रकमेच्या मर्यादेत रुग्णालय आपल्या गरजेनुसार औषधे उचलते. नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावरच औषध गोदामातून बाहेर पडते. या काळात द्रमुक आणि अण्णाद्रमुक यांच्यात अनेकदा सत्तांतर झाले. महामंडळ मात्र टिकले. पुढे केरळ आणि राजस्थान यांनीही तोच मार्ग धरला.

महाराष्ट्राची वाट एवढी सरळ नव्हती. २०१७ साली औषधखरेदीची जबाबदारी हाफकिन महामंडळावर सोपवण्यात आली. लस आणि औषधे निर्माण करणे हे ज्या संस्थेचे मूळ काम, तिच्यावर साऱ्या राज्याच्या खरेदीचा भार पडला. अखेर २०२३ साली स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. केवळ पाटी बदलल्याने कार्यक्षमता येत नाही. निश्चित कार्यकाळ असलेले जाणकार अधिकारी, निर्णयाचा अधिकार व वेळेवर निधी, आणि जनतेपुढे उघडा हिशेब या तीन गोष्टी असतील, तरच प्राधिकरण नावाला जागेल.

केंद्राने २०१९ साली राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण स्थापन केले, हे पाऊल योग्यच होते. परंतु आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत. दिल्लीतील मस्तक कितीही तल्लख असले, तरी राज्यांचे हात दुबळे असतील तर काम उभे राहणार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांत सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र संवर्ग असावा असे सुचवले, ते याचसाठी. साथ आटोक्यात आणणे आणि शस्त्रक्रिया करणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. एकाच्या पदवीवर दुसऱ्याचा कारभार चालत नाही.

हे केवळ शासनाचे काम नव्हे. सरकारी रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठका होतात का, औषधसाठ्याची नोंद कोण पाहते, रिक्त पदे किती, हे प्रश्न आपल्या तालुक्यात आपणच विचारले पाहिजेत. निवडणुकीच्या तोंडावर नवी योजना मागणारा समाज योजनाच मिळवतो. आरोग्य हवे असेल, तर त्याने संस्था मागावी आणि ती चालते की नाही, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.