फर्नांडिस, राहणार गिरगाव

आडनाव कळले की माणसाची अर्धी कुंडली हाती आली, असे आपण धरून चालतो. लग्न जमवताना, जागा भाड्याने देताना, इतकेच काय, गाडीत शेजारी बसलेल्याशी ओळख काढतानाही पहिला प्रश्न आडनावाचाच असतो. समोरच्याने 'परब' म्हटले की आपण गाव विचारतो. 'कुलकर्णी' म्हटले की 'कुठले कुलकर्णी?' असे विचारतो. आणि 'फर्नांडिस' म्हटले की आपले पुढचे वाक्य ठरलेले असते : 'अरे वा! मराठी छान बोलता की तुम्ही!' ज्याच्या चार-पाच पिढ्या गिरगावात किंवा दादरला गेल्या, ज्याची आजी नातवंडांना मराठीतच रागावत असे, त्याला ही शाबासकी कुठे बोचते ते आपल्या ध्यानातही येत नाही. तेव्हा हे आडनाव आहे तरी कुठले, हे एकदा नीट पाहायला हवे.

आडनावाच्या पोटात 'फर्नांडो' हे नाव आहे. रोमन साम्राज्य मोडकळीला आले तेव्हा, पाचव्या शतकात, व्हिसिगॉथ नावाच्या जर्मानिक टोळ्या आजच्या स्पेन-पोर्तुगालात उतरल्या. नाव त्यांच्या भाषेतले. त्याच्या उत्तरार्धाचा अर्थ 'धाडसी'. पूर्वार्धाचा अर्थ कोणी 'शांती' लावतात, कोणी 'प्रवास'. त्याला स्पॅनिशमध्ये 'एझ' आणि पोर्तुगीजमध्ये 'एस' हा प्रत्यय लागला. त्याचा अर्थ 'अमक्याचा मुलगा'. फर्नांडोचा तो फर्नांडिस, रॉड्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्सालविस. आपण मधल्या नावाला जे काम देतो तेच काम हा प्रत्यय करीत होता. फरक एवढाच की आपल्याकडे मधले नाव दर पिढीला बदलते. तिकडे कधीतरी एका बापाचे नाव गोठले आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांना चिकटले.

स्पॅनिश भाषेत पुढे शब्दारंभीच्या 'फ'चा 'ह' झाला आणि फर्नांडेझचा जुळा भाऊ हर्नांडेझ जन्मला. संस्कृत 'भू'पासून आपले 'होणे' आले, तशातलाच हा प्रकार. आज मेक्सिकोत सर्वाधिक आढळणारे आडनाव हर्नांडेझ हेच आहे, आणि स्पेनमध्ये फर्नांडेझ पहिल्या काहींत मोडते. इतर आडनावांचे अर्थ पाहिले तर आपल्याच आळीत आल्यासारखे वाटते. लोपिसच्या मुळाशी लॅटिनमधला लांडगा आहे, म्हणजे आपले लांडगेच. फरेराचा संबंध लोखंडाशी, म्हणजे लोहार. सिल्वा म्हणजे रान, आणि परेरा हे एका फळझाडाचे नाव. आपले पिंपळे तसे त्यांचे परेरा.

ही नावे आपल्या किनाऱ्यावर आली ती पोर्तुगिजांबरोबर. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यांच्या पाठोपाठ पाद्री आले. १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे होते, म्हणजे आपले दादर-परळही कागदोपत्री त्याच्याच छत्राखाली होते. ज्याच्या नावाने बसचा थांबा ओळखला जातो ते दादरचे पोर्तुगीज चर्च मूळचे १५९६चे, याच काळातले. त्याची आजची इमारत गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात उभी राहिली. ती ज्यांनी रेखाटली त्या चार्ल्स कोरियांचे आडनावही पोर्तुगीजच.

बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवे नाव मिळे, आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे. धर्मपिता कोणी पोर्तुगीज अंमलदार असला तर एका दिवसात आख्खी आळी फर्नांडिस होई. हे सगळे राजीखुशीने घडले असे म्हणता येणार नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलेच होते. फिलिपाइन्समध्ये तर याहून सरकारी प्रकार झाला. १८४९ साली तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने, क्लाव्हेरियाने, आडनावांची एक यादीच गावोगाव पाठवली आणि लोकांनी त्यातून नावे घेतली. काही गावांत सगळ्यांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात ती त्यामुळे. नोंदवही पाद्र्याची असो की सरकारची, तिच्यावरून रक्ताचा पत्ता लागत नाही.

बँकेत असताना लेजरमधल्या 'एफ'च्या पानांशी माझी बरीच वर्षे गाठ होती. एकच आद्याक्षर, एकच आडनाव आणि खातेदार चार. नमुना सहीची कार्डे काढून पत्ते पाहिले आणि दोन शब्द बोललो की चौघांच्या वाटा वेगळ्या. एकाचे मूळ घर बारदेशात, दुसऱ्याचे मंगळूरला, तिसऱ्याचे वसईत. चौथा इथलाच, मुंबईबाहेर ज्याला गाव नाही असा. कोणी घरी कोकणी बोले, कोणी मराठी. एकमेकांशी नात्यागोत्याचा संबंध नाही. त्यांना एका पानावर आणणारा धागा कुठल्या तरी जुन्या चर्चच्या वहीतला होता.

हा घोटाळा खुद्द त्या समाजालाही जाणवला होता. मुंबई १६६१च्या तहाने आंदणात इंग्रजांकडे गेली, १६६५ साली प्रत्यक्ष ताबा गेला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राज्ये बदलली, पण मागे राहिलेल्यांची आडनावे तीच राहिली. पुढे गोव्या-मंगळूरकडून त्याच आडनावांची माणसे नोकरीसाठी मुंबईत येऊ लागली, तेव्हा इथल्या मूळ रहिवाशांना स्वतःची वेगळी ओळख सांगणे भाग पडले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव अधिकृतपणे घेतले. गंमत पाहा, पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी आडनाव पोर्तुगिजांचे आणि जातीचे नाव इंग्रजांच्या कंपनीचे घेतले. तरी घरात शिजत होती कोळी-भंडाऱ्यांच्या शेजारधर्मातलीच आमटी. गिरगावातल्या खोताच्या वाडीला नाव मिळाले ते पाठारे प्रभू दादोबा वामन खोत यांचे, आणि तिथली लाकडी जिन्यांची, सज्ज्यांची घरे बांधली ती या कुटुंबांनी. आता त्यांतली मोजकीच उरली आहेत.

कोणी म्हणेल, काही झाले तरी नाव परकेच ना? मग आपल्या फडणिसांचे काय करायचे? फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. इनामदार, जहागीरदार यांतला 'दार'ही तिकडचाच. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले. पण आडनावांतला फारसी प्रत्यय कोणी काढून टाकला नाही. आज कोणी फडणिसांना 'मराठी छान बोलता' असे म्हणत नाही. 'नीस' आपला झाला, मग 'डिस' का होऊ नये?

उलट या आडनावांनी मराठीला दिलेच आहे. १६१६ साली छापलेले अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठीत रचले ते याच नवख्रिस्ती माणसांसाठी. मंगळूरला जन्मलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या मातब्बराला हरवले. मतदारांनी तेव्हा आडनावाचे मूळ तपासले नाही. मात्र वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी वर्षानुवर्षे 'सुवार्ता' मासिक मराठीत चालवले, ते २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी त्यांच्या निवडीला विरोध केला. २०२४ साली ते गेले. साऱ्या आयुष्यभर मराठी लिहिणाऱ्यालाही ओळखपत्र मागितले जाते, ही गोष्ट त्यांच्यापेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगते.

गिरगाव, परळ, लालबागचे जुने वाडे-चाळी झपाट्याने जात आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या मनोऱ्यांत शेजारी कोण हवा, कोण नको, हे पुष्कळदा दारावरची पाटी वाचून ठरवले जाते. आणि 'मराठी माणसाला जागा नाकारतात' म्हणून आपण रास्त चिडतो. मग तीच पाटी वाचून आपण एखाद्याला मराठीच्या बाहेर उभे करू नये. आडनाव ही पूर्वजांना कोणीतरी दिलेली चिठ्ठी आहे; ती देणारा कधी राजा होता, कधी पाद्री, कधी शाळेचा मास्तर, तर कधी गिरणीचा मस्टर लिहिणारा कारकून. भाषा मात्र माणूस रोज स्वतः बोलून आपली करतो. पुढच्या वेळी एखादा फर्नांडिस भेटला आणि मराठीत बोलू लागला, तर आश्चर्य न दाखवता मराठीतच उत्तर द्यावे. एवढे त्याला पुरे आहे.