रंगमंदिर आणि राहुटी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. सारे शहर हळहळले आणि शासनाने हे नाट्यगृह पुन्हा उभारावे अशी एकमुखी मागणी झाली. नाटकावर जनतेचा पैसा का खर्चावा, असे त्या घटकेस कोणी विचारले नाही, हे योग्यच झाले. १९१५ साली राजर्षी शाहू महाराजांनी ही वास्तू उभी केली, तेव्हा शेजारीच खासबागेचे कुस्तीचे मैदानही सिद्ध झालेले होते. नाटक आणि कुस्ती या दोहोंची सोय ही राज्याची जबाबदारी होय, असे मानणारा तो राजा होता.

एरवी मात्र हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत पुरोगामी मंडळीही असतात. शाळेला छप्पर नाही, आरोग्यकेंद्रात औषध नाही; मग नाटक-तमाशाला अनुदान कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी आज सार्वजनिक पैसा नेमका कोणाच्या करमणुकीस लागतो, हे पाहणे अगत्याचे ठरेल. महानगरपालिकांच्या नाट्यगृहांचा सारा खर्च भाड्यातून क्वचितच निघतो. ही तूट करदाता भरतो. आणि साबणाच्या वडीवर कर देणारी शेतमजूर स्त्रीही करदातीच आहे. वस्तू व सेवा करातही नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला २०१८ पासून माफी आहे. शहरी मध्यमवर्ग ज्याला स्वतःची अभिरुची म्हणतो, तिला असा अबोल आधार पूर्वीपासून मिळत आला आहे. ‘अनुदान’ हा शब्द उच्चारला जातो तो तमाशाचा विषय निघाला म्हणजे!

तमाशाच्या फडाचे अर्थकारण पाहावे. हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. तत्पूर्वी फडमालकाला कलावंतांना उचल द्यावी लागते, वाहने व कनाती दुरुस्त कराव्या लागतात, आणि तिकीट तर अद्याप एकही विकलेले नसते. बँकेला दाखवावे असे तारण त्याच्यापाशी नसल्याने तो खाजगी सावकाराकडे जातो. चैत्रातील यात्रांच्या वेळी नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच सुपारी ठरवावयास येतात, ती रक्कम पुष्कळदा व्याजातच जिरते. उचल घेतलेली नर्तकी मालकाशी बांधली जाते आणि मालक सावकाराशी. ऊसतोडणी मजुराचीच ही कहाणी, फक्त घुंगरू बांधलेली. २०२० व २०२१ मध्ये साथीमुळे यात्रा बंद राहिल्या. व्याज बंद राहिले नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकरांचे अखेरचे दिवसही हलाखीतच गेले. २००२ साली त्या निवर्तल्या.

‘चांगली कला स्वतःच्या पायावर उभी राहील’ हे वचन ऐकावयास गोड आहे. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच त्यातील वैगुण्य दाखविले. साखर कारखान्यात यंत्र सुधारले की तितक्याच मजुरांकडून अधिक साखर निघते. पण वगनाट्याला पूर्वी जितकी माणसे लागत तितकीच आजही लागतात, आणि ढोलकीवाल्याने दुप्पट वेगाने वाजविले म्हणून प्रयोग स्वस्त होत नाही. इतरत्र मजुरी वाढते तशी ती येथेही वाढणार, उत्पादकता वाढणार नाही. ही तूट आळसाची नव्हे.

खरी शंका निराळी आहे. सरकारचा पैसा घेतला की सरकारचे गाणे गावे लागते, ही ती शंका. सेवादलाचे कलापथक वा अण्णाभाऊंचे लालबावटा कलापथक अनुदानावर वाढले नाही, हे खरेच. तथापि ज्या मुंबई सरकारने अण्णाभाऊंना दमडी दिली नव्हती, त्याच सरकारने त्यांच्या तमाशावर बंदी घातली. पैसा नाकारल्याने मुक्तता मिळते, असे यावरून तरी दिसत नाही. धोका आहे तो मर्जीतल्या वाटपात. कोणता प्रयोग ‘दर्जेदार’ हे समितीने ठरवावे आणि समिती मंत्र्याने नेमावी, अशा व्यवस्थेत कलावंत मुंबईच्या जिन्यांवर झिजतो.

म्हणून पैसा संहितेला नको. तो कलावंताच्या उपजीविकेला आणि प्रयोगाच्या जागेला द्यावा, आणि नियमाने द्यावा. वृद्ध कलावंतांचे मानधन २०२४ मध्ये महिना ५,००० रुपये झाले. मात्र ते निवड समितीच्या शिफारशीवर अवलंबून न ठेवता वय आणि फडावरील सेवेची वर्षे यांवर हक्क म्हणून मिळावयास हवे. हंगामापूर्वीचे कर्ज सहकारी बँकांनी पीककर्जाप्रमाणे अल्प व्याजाने द्यावे व शासनाने त्याची हमी घ्यावी. ज्या राज्यात साखर कारखान्यांना अशी हमी मिळते, तेथे फडाला ती नाकारण्याचे कारण सापडत नाही. उचल कलावंताच्या पासबुकात नोंदली जावी.

कोल्हापूरचे नाट्यगृह अवश्य उभे राहावे. त्याच अंदाजपत्रकाच्या कोपऱ्यात मोठ्या यात्रांच्या मैदानांसाठीही एक रकाना असावा: पाण्याचा नळ, स्वतंत्र वीजजोडणी, आणि स्त्री कलावंतांसाठी आतून कडी लागणारे शौचालय.