लहरींचें गायरान

आपल्या मराठवाड्यांतील कोणत्याही जुन्या गांवाचें शिवार पाहिलें असतां तेथें दोन प्रकारची जमीन आढळते. एक मालकीची. तिच्या सातबाऱ्यावर कोणाचें तरी नांव असतें, आणि तिच्या बांधाच्या आंत दुसऱ्यानें पाऊल टाकणें म्हणजे भांडण ओढवून घेणें होय. दुसरी गायरानाची. तेथें पाटलाची म्हैस चरते आणि मजुराची शेळीही चरते. गायरानाचा नाश दोन रीतींनीं होतो: एक तर कोणी बलवान् मनुष्य त्यास कुंपण घालतो, किंवा सर्वच जण त्यांत बेसुमार गुरें सोडून तें उजाड करतात. आपल्या मस्तकावरून अदृश्य रूपानें जाणाऱ्या रेडिओ-लहरींच्या राज्यांतही असेंच एक गायरान आहे, आणि त्यास हीं दोन्ही भयें आहेत. विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं त्याविषयीं थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

लहरींवर सरकारचा ताबा फार जुना आहे. १९३३ सालच्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाही गुन्हा ठरविला होता. पुढें ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सांप्रत मोबाइल कंपन्या या लहरींचे पट्टे, म्हणजे ज्यास आपण स्पेक्ट्रम म्हणतों तें, लिलावांत मुदतीनें घेतात. २०२२ सालच्या लिलावांत वीस वर्षांच्या मुदतीकरितां १,५०,१७३ कोटि रुपयांची बोली झाली. ज्यानें पट्टा घेतला त्याच्या हद्दींत दुसऱ्यानें बोलूं नये. ही झाली मालकीची जमीन.

गायरान आपल्या देशांत बरेंच उशिरां मोकळें झालें. २००५ सालच्या जानेवारींत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करण्यांत आला, आणि २०१८ सालच्या ऑक्टोबरांत ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे ६०५ मेगाहर्ट्झ तसेच खुले झाले. अटी थोड्याच: यंत्र संमत प्रकारचें असावें, त्याची शक्ति मर्यादेंत असावी, आणि शेजाऱ्याच्या लहरींचा अडथळा झाला तर संरक्षण मागूं नये. घरांतील वाय-फायची पेटी आणि कानांतील बिनतारी इयरफोन हीं सारीं याच गायरानांत चरतात. २०२० सालच्या डिसेंबरांत केंद्रीय मंत्रिमंडळानें संमत केलेल्या पीएम-वाणी योजनेंत चहाच्या टपरीवाल्यासही परवाना, नोंदणी व फी यांवांचून वाय-फाय विकण्याची जी मुभा मिळाली, ती या मोकळ्या पट्ट्यांच्याच बळावर.

ज्या जागेस मालक नाहीं तेथें गोंधळ कां माजत नाहीं? याचें कारण एक साधा शिष्टाचार. वाय-फायचें प्रत्येक यंत्र बोलण्यापूर्वीं कान देतें. दुसरें कोणी बोलत असेल तर तें थांबतें. शांतता झाली तरी लगेच तोंड न उघडतां तें आणखी एक सूक्ष्म काळ वाट पाहतें. हा काळ प्रत्येकाच्या वांट्यास चिठ्ठी टाकल्याप्रमाणें निरनिराळा येतो, म्हणून सहसा दोघे एकदम बोलत नाहींत. सभ्य माणसांच्या सभेंत अध्यक्ष नसला तरी जसें संभाषण चालतें, तसेंच हें.

मोबाइलच्या मनोऱ्याची रीत निराळी आहे. तो वर्गांतील कडक शिक्षकासारखा असतो. कोणत्या फोननें कोणत्या क्षणीं बोलावें हें तोच ठरवितो. स्वतःच्या पट्ट्यांत परक्याचा आवाज ऐकण्याची त्यास गरजच पडत नाहीं. गर्दीच्या ठिकाणीं मालकीचे पट्टे अपुरे पडूं लागले, तेव्हां हें मोबाइल-तंत्र मोकळ्या पट्ट्यांत उतरविण्याची कल्पना पुढें आली, आणि अमेरिकेंत वाय-फायवाले व मोबाइलवाले यांच्यांत मोठा वाद माजला. न ऐकणारा मनोरा ऐकणाऱ्या यंत्रांत आला तर सभ्य बिचारे गप्पच बसतील, ही भीति रास्त होती. अखेर मोबाइलचीं जागतिक प्रमाणें ठरविणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेनें २०१६ सालीं एलएए नांवाची पद्धति संमत केली व तींत ‘आधीं ऐक, मग बोल’ हा नियम घातला. २०२० सालीं ५जीसाठीं एनआर-यू ही पद्धति आली. तिच्या योगें ज्याच्याजवळ मालकीचा एकही पट्टा नाहीं त्यासही ५जीचें जाळें उभारतां येतें. मोबाइलवाल्यांनीं गायरानांत येऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्याच्या घरीं पन्नास एकर मालकीची आहे त्यानें तेथें शेळीवाल्याइतकाच हक्क सांगावा, आणि ऐकण्याचा नियम सर्वांस सारखा असावा, एवढा आमचा आग्रह आहे.

कोणी म्हणेल, ज्या पट्ट्याचे हजारों कोटि येतील तो फुकट कां सोडावा? त्या द्रव्यांत शाळा व दवाखाने होतील. शिवाय मालकीच्या पट्ट्यावर सेवेची जी हमी देतां येते ती मोकळ्या पट्ट्यावर देतां येत नाहीं. हे दोन्ही आक्षेप हलके नाहींत. परंतु लिलावांत पैसा ओतणारा तो दाट वस्तींतच प्रथम वसूल करणार. डोंगरांतील वाडीचा क्रम शेवटीं लागतो. आणि लहरीचा स्वभाव पाण्याहून वेगळा आहे. आपल्या पाणचक्कीच्या हौदांत पाणी सांठवून उद्यां वापरतां येतें. आज न वापरलेली लहर उद्यांसाठीं उरत नाहीं, आणि वापरल्यानें ती संपतही नाहीं. म्हणून राखून पडीत ठेवलेला पट्टा म्हणजे निव्वळ हानि.

याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. दूरचित्रवाणीसाठीं राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मुंबईच्या आयआयटींतील संशोधकांनीं अभ्यास केला. २०१४ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, पंधरा वाहिन्यांपैकीं निदान बारा देशांत जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आहेत. पालघर जिल्ह्यांत खामलोलीच्या परिसरांत त्यांनीं या रिकाम्या वाहिन्यांवरून इंटरनेट नेलें. पुढें ‘ग्राममार्ग’ या प्रयोगांत परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींनीं पंचवीस गांवें जोडलीं. २०१७ सालीं मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेंत या प्रयोगास पहिलें पारितोषिक मिळालें. जें पालघरच्या खेड्यांत साधलें तें कन्नड-सोयगांवच्या डोंगरांत साधणार नाहीं, असें मानण्यास आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.

मालकी आणि गायरान यांच्यामध्यें तिसरीही एक वाट आहे: सामायिक वहिवाट. अमेरिकेनें नौदलाचें रडार ज्या पट्ट्यांत चालतें तो ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१५ सालच्या नियमांनीं तिघांत वाटून दिला. पहिला मान नौदलाचा, दुसरा पैसे भरून अग्रहक्क घेणाऱ्याचा, आणि जें रिकामें राहील तें सर्वांचें. कोण कोठें बोलत आहे याचा हिशेब संगणक ठेवतो. रडार सुरू झालें कीं इतरांस वाट सोडावी लागते. जर्मनीनें २०१९ पासून ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा कारखान्यांस आपापल्या आवारापुरता देण्यास आरंभ केला. आपल्या शहरास ही गोष्ट परकी नाहीं. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांत यंत्रानें यंत्राशीं बोलण्याचे दिवस आले आहेत. २०२२ सालच्या जूनमध्यें भारत सरकारनें कारखान्यांच्या खाजगी जाळ्यांविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांत मोबाइल कंपनीकडून स्पेक्ट्रम भाड्यानें घेण्याची वाट आहे, तशीच तें सरकारकडून थेट मिळविण्याचीही. आमच्या मतें ही दुसरी वाट पन्नास कामगारांच्या कारखान्यासही परवडेल इतकी स्वस्त व सोपी झाली पाहिजे. कारण अशाच कारखान्यांत आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील घाम गाळतात, आणि उद्यां हे विद्यार्थीही तेथें कामास लागतील.

६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा तंटा याच विचारानें पाहावा. अमेरिकेनें २०२० सालीं तेथील १२०० मेगाहर्ट्झ सर्वच्या सर्व खुले केले. आपल्याकडील मोबाइल कंपन्यांचा आग्रह तो पट्टा आपणांस मिळावा असा होता. २०२५ सालच्या मे महिन्यांत सरकारनें खालचे ५०० मेगाहर्ट्झ अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यावांचून खुले करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. वरचा भाग मोबाइलकडे आणि खालचा सर्वांकडे, ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटते. मात्र गायरानाची एकदां आंखलेली सीमा पुढें मागें सरकूं नये. कुंपण बहुधा एका रात्रींत पडत नाहीं, तें दर वर्षीं हातभर पुढें येतें.

आतां दुसरें भय. तें सरकारपासून नाहीं कीं कंपन्यांपासून नाहीं. तें आपणांपासूनच आहे. घरांत मोबाइल नीट चालावा म्हणून बाजारांतून बेकायदा बूस्टर आणून गच्चीवर बसविणारे गृहस्थ सर्व शहरांत आढळतात. त्यांचा एक फोन सुधारतो आणि साऱ्या आळीचे बिघडतात. आपली पेटी शेजाऱ्याच्या पेटीहून जोरानें ओरडावी, ही इच्छाही त्याच जातीची. पुणें जिल्ह्यांत खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस महाकाय थाळ्यांची दुर्बीण दूरच्या आकाशगंगांचे क्षीण स्वर ऐकत असते. ती कोणाशीं बोलत नाहीं, केवळ ऐकते; आणि आपल्या गोंगाटाची पहिली झळ अशा ऐकणाऱ्यासच लागते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, हक्क मागतांना कर्तव्यही उचला. गायरान मोकळें राहावें यासाठीं नागरिक या नात्यानें बोला, आणि तें हिरवें राहावें यासाठीं शेजारी या नात्यानें ऐका. ज्या समाजास दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत थांबतां येतें, त्याच समाजाच्या हातीं सामायिक धन टिकतें.