अकरा बाहुल्या आणि एक तक्रार

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपट-मालिकेचा तिसरा आणि शेवटचा भाग, 'द रिटर्न ऑफ द किंग', २००३ साली आला. दिग्दर्शक पीटर जॅक्सन. २००४ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला ११ नामांकनं होती आणि बाहुल्याही अकराच्या अकरा मिळाल्या!

समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं. तरी त्यांच्यातल्याच काहींची एक कुरकूर होती: सिनेमा संपता संपत नाही! तीन तास होऊन गेले, दुष्ट अंगठी नष्ट झाली, तरी निरोपावर निरोप चालूच.

दुसरी बाजूही ऐका. टॉल्किन यांच्या मूळ पुस्तकातही अंगठी नष्ट झाल्यावर गोष्ट बरीच पुढे जाते. जग वाचवणारा फ्रोडो घरी परततो, पण त्याची जखम भरत नाही, घरी मन रमत नाही. हे दाखवायचं तर वेळ लागणारच ना?

म्हणजे बक्षिसामुळे तक्रार खोटी ठरत नाही आणि तक्रारीमुळे सिनेमा वाईट ठरत नाही. तुम्हीही नुसतं 'मस्त' किंवा 'बोअर' म्हणून थांबू नका. का, ते सांगा. आणि पालकहो, 'तुला काय कळतं?' म्हणण्याआधी ते कारण जरूर ऐका.