आयव्हरी की बदामी?

दिवाळीआधी रंगकाम काढलेल्या घरात शेड कार्डावर बोट ठेवून रोज खल चालतो. आयव्हरी घ्यायचा की बदामी? दोन्ही फिकट, दोन्ही उबदार. कार्डावर फरक जेमतेम दिसतो. पेंटरने रोलर फिरवला की मात्र तोच फरक अख्ख्या भिंतीएवढा होतो.

कारण भिंती एकमेकींवर उजेड फेकतात. बदामी भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या बदामी भिंतीवर पडतो आणि रंग कार्डापेक्षा गडद दिसू लागतो. त्यात जमिनीची भर. जुन्या घरातला लाल कोबा असेल तर बदामी गुलाबीकडे झुकतो. हिरवट कोटा असेल तर आयव्हरीवर तीच झाक चढते.

मग खिडकीची दिशा. पुण्या-मुंबईत माध्यान्हीचा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, म्हणजे दोन शून्य सावली दिवसांच्या दरम्यान, उत्तरेकडे असतो. एरवी तो दक्षिणेकडेच. त्यामुळे उत्तरेच्या खोलीला वर्षातले बरेच महिने आकाशाच्या निळसर उजेडावर भागवावं लागतं. तिथे आयव्हरी करडा, थंड वाटतो, बदामीच घ्यावा. पश्चिमेच्या खोलीत चारनंतरचं ऊन बदामीला केशरी करून टाकतं, तिथे आयव्हरी बरा.

आणि रात्रीचं काय? नोकरदार घरातली माणसं एकत्र बसतात ती दिवे लागल्यावर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली जो रंग स्वच्छ दिसतो, तोच २७०० केल्विनच्या पिवळसर एलईडीखाली लोण्यासारखा दिसतो. आधी दिवा ठरवावा, मग रंग.

दोन्ही नमुने भिंतीवर अगदी शेजारी लावायची चूक सर्रास होते. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणाऱ्या शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका पडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यांनी तपासलं तर दोष रंगात नव्हताच. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका भासत होता. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली आला. आयव्हरीला खेटून लावलेला बदामीही असाच उगीच गडद भासतो.

म्हणून छोटे डबे आणून पुठ्ठ्याच्या दोन मोठ्या तुकड्यांवर रंगाचे दोन-दोन हात द्यावेत. कडेला पांढरी पट्टी सोडावी. पूर्ण वाळल्यावर एका वेळी एकच पुठ्ठा भिंतीला टेकवावा: सकाळी, दुपारी आणि दिवा लावून, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि कोपऱ्यातही. कोपरा चुकवू नये. रंग सगळ्यात गडद दिसतो तो तिथेच.