शिंपल्यांच्या वाटेवर

दोस्तांनो, मागून हॉर्न नाही, समोर ट्रक नाही. नुसती आपली सायकल! अशी वाट असते का कुठं? असते की! नेदरलँड्‌सच्या उत्तरेला स्खीरमोनिकोख नावाचं छोटंसं बेट आहे. पाहुण्यांनी मोटारी पलीकडच्या धक्क्यावरच ठेवायच्या आणि बोटीनं यायचं. बेटाचा बहुतेक भाग १९८९पासून राष्ट्रीय उद्यान आहे. वाळूच्या टेकड्यांमधून सायकलच्या वाटा जातात. काही वाटांवर तर खडीऐवजी शिंपल्यांचा चुरा! चाकाखाली कसा करकरत असेल, नाही?

पण एक अट आहे हं! इथले कितीतरी पक्षी वाळूत, गवतातच अंडी घालतात. म्हणून विणीच्या दिवसांत बेटाचा काही भाग बंद असतो. तिथं कितीही हौस असली तरी ब्रेक दाबायचा. मोटारी नसल्या, म्हणून वाट काही आपल्या एकट्याची होत नाही. पटलं ना?