देणारे अनेक, ठरवणारे तेच

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मस्जिदीच्या दारातली पेटी लवकर भरते. जकात, फितरा, सदका अशा नाना नावांनी पैसा येतो आणि तो नाना हातांतून येतो. त्यात शिवणकाम करणारी बाई असते, भंगाराचा धंदा करणारा असतो, आखातातून घरी पैसे पाठवणारा मुलगा असतो, बँकेत नोकरी करणारी सून असते. इफ्तारसाठी खजुराची खोकी पाठवणारा शेजारचा हिंदू दुकानदारही असतो. या पैशाचे पुढे काय करायचे हे मात्र पाच-सात जणांच्या बैठकीत ठरते. बहुधा ते सगळे पुरुष असतात, बहुतेक साठी ओलांडलेले, आणि निम्मे एकमेकांचे व्याही नाहीतर भागीदार.

हे चित्र फक्त मस्जिदीचे आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. गावातले देवस्थान, सार्वजनिक वाचनालय, वसतिगृह, शिक्षण संस्था यांच्या फलकावरची विश्वस्तांची नावे वाचून पाहावीत. एक विश्वस्त वारला की कुठे तेराव्याच्या, तर कुठे चाळिसाव्याच्या आत त्याच्या मुलाचे नाव पुढे येते. जागा रिकामी झाली होती, हे गावाला ती भरल्यावर कळते.

या मंडळींना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. कोणी वेळ द्यायला तयार नव्हते तेव्हा त्यांनी तो दिला, पदरचे पैसे घातले, कोर्टाच्या तारखा सांभाळल्या. प्रश्न त्यांच्या नियतीचा नाही, नजरेचा आहे. ज्याला जे भोगावे लागले नाही, ते त्याला सुचत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘वडिलांची सही’ असा रकाना छापला जातो आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईची मुलगी तो अर्ज घरीच ठेवते. किराणा वाटपाची रांग भर चौकात लावली जाते. फोटो निघतात, आणि ज्या घराला खरी गरज आहे त्या घरातले कोणी तिकडे फिरकत नाही. नव्या इमारतीत संगमरवर येतो, पण कुबड्यांवर चालणाऱ्याला धरायला कठडा नसतो. बैठकीत एखादी परिचारिका, एखादा रिक्षावाला, एखादी अंगणवाडी सेविका बसलेली असती तर यातली प्रत्येक गोष्ट पाच मिनिटांत लक्षात आली असती.

बायकांच्या हाती धर्मादाय मालमत्तेचा कारभार ही नव्या जमान्याची टूम आहे, असे म्हणणाऱ्यांनी थोडे मागे जावे. हजरत उमर यांनी खैबरची जमीन वक्फ केली. ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही, तिचे उत्पन्न गरिबांना आणि वाटसरूंना द्यायचे, ही वक्फची मूळ व्याख्या त्याच दानातून सांगितली जाते. आपल्या माघारी तिची देखरेख कोणी करायची, हे लिहून ठेवताना त्यांनी नाव घातले ते आपल्या मुलीचे, हजरत हफ्सा यांचे. कर्ते मुलगे असताना घातले. हफ्सा लिहिणे-वाचणे जाणत होत्या, कुरआनची लिखित प्रतही त्यांच्याच ताब्यात होती. म्हणजे निवड नात्यातली असली तरी लायकी पाहून केलेली होती. आजच्या किती मुतवल्लींना आपल्या मुलीचे नाव सुचते?

कायद्याचीही आडकाठी नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात विश्वस्त श्रीमंत असावा, पदवीधर असावा, पुरुष असावा, असे कुठेही म्हटलेले नाही. नवा विश्वस्त आला की 90 दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, स्थावर मालमत्ता विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची. मुख्य बंधने ही एवढी. राज्याच्या वक्फ मंडळावर किमान दोन महिला असाव्यात, असे 2013 च्या दुरुस्तीने सांगितले. गावपातळीवरच्या समित्यांना तसे करायला कोणी मनाई केलेली नाही.

2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यावरून जो वाद पेटला, तो इथे ओढून आणण्याचे कारण नाही. सरकारने वरून माणसे बसवणे आणि एखाद्या संस्थेने आपण होऊन शेजाऱ्याला, लेकीला, कामगाराला आपल्या सतरंजीवर जागा देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा राग दुसरीवर काढला जाऊ नये, इतकेच.

मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात गलेफाचा पहिला मान चर्मकार समाजाचा असतो. अशी उदाहरणे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि ती अभिमानाने सांगितली जातात. पण मान वर्षातून एकदा मिळतो, मत दर बैठकीला द्यायचे असते. आणि नुसती खुर्ची दिली म्हणूनही भागत नाही. शनिशिंगणापूरच्या देवस्थानाने जानेवारी 2016 मध्ये अध्यक्षपदी पहिल्यांदा महिलेला निवडले. त्या वेळी चौथऱ्यावर बायकांना प्रवेश नव्हता. तो खुला झाला एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याला, आंदोलन झाले आणि उच्च न्यायालयाने कान टोचले तेव्हा. हाजीअलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ देण्यासाठीही त्याच वर्षी न्यायालयालाच निकाल द्यावा लागला. एकटीदुकटी बाई सात-आठ जणांत बसवली की ती होकारापुरती उरते. किमान दोघी-तिघी हव्यात, आणि त्यांच्यासमोर हिशेबाची वही उघडलेली हवी.

अडचण दुसऱ्या बाजूनेही आहे. विचारले तर लोक मागे सरतात. ‘आम्हाला कायद्यातले काय कळते’, ‘मोठ्यांसमोर कसे बोलायचे’, ‘सह्या करून उद्या अंगाशी आले तर?’ ही भीती अगदीच खोटी नाही. न वाचता सही करणारा विश्वस्त खरोखरच गोत्यात येऊ शकतो. त्यावरचा उपाय घरी बसणे हा नसून वाचून सही करणे हा आहे. ताळेबंद वाचायला एखाद्या जुन्या हिशेबनिसाने दोन संध्याकाळी शिकवले तरी पुरते. बैठक रात्री दहाला तरावीहनंतर ठेवायची आणि मग ‘बायका येतच नाहीत’ म्हणायचे, हेही थांबवता येईल. रविवारी सकाळी अकराला कोणाची काय हरकत आहे? रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होत असेल तर त्याचे जाण्यायेण्याचे भाडे संस्थेने द्यावे. त्याने दान बुडत नाही.

ईदचा शिरखुर्मा संपतो न संपतो तोच 31 मार्च येईल. हिशेब बंद होतील, मग वार्षिक सभेच्या नोटिसा निघतील. ज्या संस्थेत जागा रिकामी आहे तिने नमाजाच्या वेळापत्रकाशेजारी, आरतीच्या वेळांच्या फलकाखाली, वाचनालयाच्या दारावर एक कागद चिकटवावा: विश्वस्ताची एक जागा भरायची आहे, काम अमुक, मुदत तीन वर्षे, इच्छुकांनी या तारखेपर्यंत नाव द्यावे. गावात असा कागद चिकटलेला पाहिल्याचे किती जणांना आठवते?